तासिका आणि द्राक्षमळा

कारंजा लाड हे गाव गुरूच्या नावाने ओळखले जाते. श्रीनृसिंह सरस्वतींचे हे जन्मस्थान. गुरुमंदिराच्या दर्शनासाठी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून लोक येथे येतात आणि बसस्थानकावर उतरताच रिक्षावाला न विचारता त्यांना तिकडे नेतो. त्याच बसस्थानकावर सकाळी सातच्या आधी एक दुसऱ्या प्रकारचा गुरू मला अधूनमधून भेटतो. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचे ते जावई. वय चाळिशीच्या उंबरठ्यावर, एम.ए., सेट, पीएच.डी. सकाळी एका गावच्या महाविद्यालयात दोन तासिका घेऊन दुपारी ते दुसऱ्या तालुक्यातील महाविद्यालयात आणखी दोन घेतात. दोन्हीकडे ते ‘सर’ आहेत. मे महिन्यात मात्र एका कृषी सेवा केंद्रात बियाण्यांच्या पिशव्यांचा हिशेब लिहितात, कारण मे महिन्यात त्यांचे दोन्हीकडचे ‘सर’पण स्थगित झालेले असते.

एकदा मी त्यांना सहज म्हणालो, “सर, आता दिवाळीची सुट्टी आली. जरा विसावा मिळेल.” ते हसले आणि म्हणाले, “फादर, मुलांना सुट्टी आवडते. आम्हांला सुट्टीची भीती वाटते.”

हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. ज्या नोकरीत सणाची भीती वाटावी, तिला काय म्हणावे? शासनाच्या भाषेत तिला ‘तासिका तत्त्व’ म्हणतात. ‘तत्त्व’ हा शब्द आमच्या भाषेत फार मोठा आहे. तत्त्वासाठी माणसे तुरुंगात गेली, फासावर चढली. येथे त्या शब्दाचा अर्थ इतकाच, की जेवढे तास फळ्यासमोर उभा राहशील तेवढ्याच तासांचे पैसे घे. रविवारचे नाहीत, सणाचे नाहीत, परीक्षेच्या काळातील रिकाम्या आठवड्यांचे नाहीत, आजारपणाचे नाहीत. विद्यार्थ्यांनी संप केला, गावात बंद पाळला गेला, अतिवृष्टीने नाल्याला पूर येऊन रस्ता तुटला, की त्या दिवसाची मजुरी बुडाली. भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही, सेवेची सलगता नाही. सत्र संपले की संबंध संपला. पावसाळ्यात पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत, आणि ज्या खोलीत दहा वर्षे शिकवले त्याच खोलीच्या दाराबाहेर प्रमाणपत्रांची फाईल घेऊन पुन्हा रांगेत बसणे. महिन्याचे बिल मंजुरीच्या वाटेवर किती महिने रेंगाळेल, हेही सांगता येत नाही.

वाचकांपैकी पुष्कळांचा समज असा, की हे शिक्षक कुठेतरी कमी शिकलेले असणार. तसे नाही. नेट वा सेट उत्तीर्ण झालेले, संशोधन केलेले हजारो तरुण आज या रांगेत आहेत. कायम प्राध्यापकाकडे जी पात्रता मागितली जाते, तीच यांच्याकडे आहे; अभ्यासक्रम तोच, वर्ग तोच, विद्यार्थी तेच. सातव्या वेतन आयोगानुसार नवा कायम सहायक प्राध्यापक ५७,७०० रुपयांच्या मूळ वेतनावर सेवा सुरू करतो आणि त्यावर भत्ते असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी अध्यापकासाठी एका व्याख्यानाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असा दर सुचवला. आमच्या राज्याचा तासिकेचा दर त्याच्याही बराच खाली राहिला. एका भिंतीला टेकून असलेल्या दोन वर्गांत एकच पुस्तक शिकवणाऱ्या दोन माणसांच्या घरच्या चुली इतक्या वेगळ्या पेटाव्यात, याचे समर्थन कोणत्या नीतिशास्त्रात बसते ते मला कोणी सांगावे. सेमिनरीत नीतिशास्त्र आम्हांला नेटाने शिकवले गेले. त्यात तर हे बसत नाही.

नियम नाही असेही नाही. कंत्राटी अध्यापकांची संख्या एकूण पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा कोणत्याही परिस्थितीत वाढू नये, असे आयोगाच्या २०१० च्या आणि नंतर २०१८ च्या विनियमांत लिहिलेले आहे. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या विनियमांचा मसुदा काढला, त्यात ही मर्यादाच दिसेनाशी झाली. रोग हटवता आला नाही, म्हणून तापमापक फेकून द्यावा, असा हा प्रकार. इकडे महाराष्ट्रात २०१७ मध्ये भरतीवर निर्बंध आले. नोव्हेंबर २०१८ मध्ये सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरण्यास मान्यता मिळाली. ती भरता भरता २०२० ची महामारी आली आणि भरती पुन्हा थांबली. उरलेल्या २,०८८ पदांना परवानगी मिळायला २०२१ उजाडले. या सर्व काळात जुने प्राध्यापक निवृत्त होतच होते. त्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या नाहीत, फक्त त्यांवर बसणाऱ्याला तासाचे भाडे मिळू लागले.

“पण फादर, दोन तास शिकवले तर दोन तासांचेच पैसे. यात अन्याय कोणता?” असे विचारणारे एक व्यापारी गृहस्थ मला भेटले. माणूस सरळ आहे आणि प्रश्नही प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी मी त्यांना कारंज्यातच उभे करतो.

कारंज्यात सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या परंपरांची जैन मंदिरे आहेत आणि त्यांतून शतकानुशतके जपलेली हस्तलिखिते आहेत. अपभ्रंश ही आपल्या मराठीच्या आधीची, प्राकृत आणि आजच्या भाषा यांच्या मधली भाषा. तिच्यातील अमोल काव्ये येथे कापडात बांधून पडली होती. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात डॉ. हिरालाल जैन अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक झाले. १९२३ मध्ये निघालेले हे कॉलेज आज शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. कारंज्याच्या या पोथ्या त्यांनी पाहिल्या, त्यांच्या नोंदी केल्या, पाठ जुळवले. पुढे कारंज्याच्याच ग्रंथमालेतून पुष्पदंताचे ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये आणि कनकामराचे ‘करकंडचरिउ’ १९३४ मध्ये त्यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाले; त्याआधी १९३१ मध्ये डॉ. प. ल. वैद्यांनी संपादिलेले ‘जसहरचरिउ’ आले होते. यानंतर डॉ. जैनांनी ‘षट्खंडागम’ हा सिद्धांतग्रंथ धवला टीकेसह हाती घेतला. पहिला खंड १९३९ मध्ये निघाला, सोळावा १९५९ मध्ये. वीस वर्षे!

आता त्या व्यापारी मित्राने मला हिशेब करून द्यावा. कारंज्यातल्या एखाद्या दुपारी एका अक्षराचा उलगडा होईना म्हणून डॉ. जैन ज्या पानावर अडून बसले असतील, ती तासिका किती रुपयांची? त्या दुपारी त्यांनी एकाही विद्यार्थ्याला शिकवले नाही. तासिका तत्त्वाने पाहिले, तर तो माणूस त्या दिवशी बेकार होता.

प्राध्यापकाचे काम फळ्यासमोर सुरू होत नाही, तेथे फक्त ते दिसते. शेतकऱ्याला कापणीच्या दिवसांचीच मजुरी द्यावी आणि नांगरणी, पेरणी, निंदणी, राखण या त्याच्या हौशी समजाव्यात, असे कोणी म्हणाले तर कारंज्याच्या बाजार समितीत त्याला लोक वेड्यात काढतील. महाविद्यालयांत नेमके हेच चालले आहे आणि त्याला आपण धोरण म्हणतो. माझ्या त्या ‘सरां’च्या पीएच.डी.चा विषय वऱ्हाडी लोकवाङ्मयाशी संबंधित आहे. “पुढचे काम?” असे विचारले तेव्हा त्यांनी मोटारसायकलच्या किल्लीकडे बोट दाखवले. दोन गावांमधल्या रस्त्यावर त्यांचे संशोधन सांडते आहे. समृद्धी महामार्ग कारंज्याजवळून जातो; त्यावरून वस्तू किती वेगाने धावतात याचे कौतुक आम्ही ऐकतो. या माणसाला मात्र एका जागी स्थिर बसायला मिळायला हवे होते.

स्थिर असलेल्यांचीही गत फार निराळी नाही, हे सांगितले पाहिजे. २०१० पासून कायम प्राध्यापकाच्या कामालाही गुण लावण्यात आले: शोधनिबंधाला इतके, चर्चासत्राला इतके, समितीवर बसण्याला इतके. गुण मोजायचे ठरले की गुणांचा बाजार भरणारच. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात वगळावी लागली. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांचा वेळ रकाने भरण्यात जातो आणि ज्यांना लिहायची तळमळ आहे त्यांना वेळ नाही.

हे दुखणे फक्त आमच्या विदर्भाचे नाही. विलायतेत १९८८ च्या शिक्षण कायद्याने नव्या प्राध्यापकांची आजीव सेवेची हमी काढून घेतली. जर्मनीत २००७ च्या कायद्याने विद्यापीठातील तरुण संशोधकांना मुदतीच्या करारांवर ठेवण्याची चाकोरी घालून दिली: साधारणपणे डॉक्टरेटच्या आधी सहा वर्षे, नंतर सहा वर्षे. चाळिशीत पोहोचलेल्या विद्वानांना दार दाखवले जाऊ लागले, आणि २०२१ मध्ये तेथे हजारो संशोधक आपापली कहाणी घेऊन जाहीरपणे बोलू लागले. ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठाला त्याच वर्षी आपल्या हंगामी शिक्षकांना कमी पैसे दिल्याबद्दल जाहीर माफी मागावी लागली. अमेरिकेत कायम सेवेची परंपरा सर्वांत भक्कम समजली जात असे. तेथे आज बहुसंख्य अध्यापक त्या सेवेच्या बाहेर आहेत. गहू, कापूस, तेल यांचे भाव जगभर एकमेकांकडे पाहून ठरतात, तसा आता प्राध्यापकाचा भावही ठरतो आहे आणि सर्वत्र तो उतरता आहे.

अमेरिकेचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगतो. ती आपल्या घरातली आहे आणि घरातली घाण झाकून शेजाऱ्याच्या अंगणाकडे बोट दाखवणे मला पसंत नाही. पिट्सबर्ग येथे ड्यूकेन हे कॅथलिक विद्यापीठ आहे. १८७८ मध्ये पवित्र आत्म्याच्या संघाच्या धर्मगुरूंनी ते स्थापन केले. तेथे एक वृद्ध बाई पंचवीस वर्षे फ्रेंच शिकवत होत्या, सत्रागणिक करारावर. २०१३ मध्ये त्यांचे काम थांबले. कर्करोगाने ग्रासलेल्या, हलाखीत दिवस काढणाऱ्या त्या शिक्षिका १ सप्टेंबर २०१३ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी निवर्तल्या. त्यांच्या मृत्यूची वार्ता अमेरिकाभर गाजली. विद्यापीठाच्या बाजूने सांगण्यात आले, की तेथील धर्मगुरूंनी त्यांना मदत केली होती, आवारातील घरात राहण्यास जागाही देऊ केली होती. ते खरेच असावे; धर्मगुरूंच्या दयाबुद्धीवर संशय घेणारा मी कोण? पण दया हा प्रश्नच नव्हता. आदल्याच वर्षी तेथील अर्धवेळ शिक्षकांनी संघटनेसाठी मतदान केले होते आणि विद्यापीठाने भूमिका घेतली होती, की आम्ही धार्मिक संस्था असल्यामुळे कामगार मंडळाचा अधिकार आमच्यावर चालत नाही. २०२० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ती उचलून धरली. विद्यापीठ खटला जिंकले. परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ या विश्वपत्रात कामगारांच्या संघटनेचा हक्क मान्य केला, त्याच परंपरेत उभ्या असलेल्या विद्यापीठाने धर्माचेच नाव घेऊन तो हक्क नाकारावा, हे वाचून माझी मान खाली गेली. ज्याचे त्याला द्यायचे ते अडवून ठेवायचे आणि नंतर आजारपणात फळांची टोपली घेऊन भेटायला जायचे, याला आपल्याकडे काय म्हणतात ते वाचकांना ठाऊक आहे.

यावर आपल्या भाविकांकडून हमखास येणारे उत्तर म्हणजे, शिकवणे हे व्रत आहे. टिळक-आगरकरांनी काय मिळवले? १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय उभे करणाऱ्यांनी अल्प वेतनावर संसार केला, हे खरे. पण त्या आजीव सदस्यांनी वीस वर्षांच्या सेवेचे बंधन स्वतः होऊन घातले होते आणि संस्थेचा कारभारही त्यांच्याच हाती होता. त्यागाचा निर्णय त्यांचा आणि संस्थाही त्यांची. टिळकांना पटेनासे झाले तेव्हा १८९० मध्ये ते राजीनामा देऊन बाहेर पडले. आजच्या तासिकेवरील शिक्षकाला ना संस्थेत आवाज, ना राजीनामा देण्याची संधी. त्याचा राजीनामा दर एप्रिलात आपोआप लिहिला जातो. दुसऱ्याच्या पोटाला चिमटा काढून त्याला त्याग म्हणू नये.

व्रताची भाषा निदान आम्ही धर्मगुरूंनी तरी जपून वापरावी. मी धर्मप्रांतीय धर्मगुरू असल्यामुळे दारिद्र्याचे व्रत घेतलेले नाही, पण साधेपणाने राहण्याचे वचन दिलेले आहे. ते पाळताना माझ्या डोक्यावर धर्मप्रांताचे छप्पर असते. मी आजारी पडलो, तर दवाखान्याचा खर्च कोण करील ही चिंता मला रात्री जागवत नाही. माझ्या मुलीची फी भरायची नाही. अशा माणसाने गृहस्थाला साधेपणाचे पाठ द्यावेत, हे शोभत नाही. सरांच्या लग्नाच्या वेळी मुलीच्या काकांनी मला बाजूला घेऊन विचारले होते, “प्राध्यापक आहे म्हणता, पण पर्मनंट आहे का?” मी तेव्हा काहीतरी सावरून नेणारे बोललो. आज आपल्या धर्मग्रामांतून हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि त्याचे उत्तर ऐकून स्थळे परत जातात.

मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला आपण दर तीन वर्षांनी मिस्सामध्ये ऐकतो. या दाखल्यावर मी निदान दहा प्रवचने केली असतील आणि प्रत्येक वेळी देवाच्या औदार्यावर बोलून मोकळा झालो. त्या दाखल्यात बाजारात उभे असलेले मजूर आळशी नव्हते, त्यांना कोणी कामाला लावलेच नव्हते, हा तपशील माझ्या नजरेतून निसटत होता. शेवटच्या तासाला आलेल्यांनाही मळ्याच्या धन्याने दिवसाची पूर्ण मजुरी दिली, कारण त्यांच्या घरी भाकरी पूर्ण दिवसाची लागत होती. तासांचा हिशेब मांडण्याची मागणी दाखल्यात येते, पण ती धन्याकडून येत नाही. आधी आलेले, पोट भरलेले मजूर ती करतात. ड्यूकेनची बातमी आणि सरांचे दिवाळीचे वाक्य यांच्यानंतर हा दाखला मला निराळा ऐकू येऊ लागला. प्रभू येशूने तासिका तत्त्व ऐकले होते आणि नाकारले होते.

आधी आलेल्या मजुरांचा उल्लेख झाला, म्हणून कायम प्राध्यापकांनाही एक प्रश्न. २०१३ मध्ये महाराष्ट्रातील प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर ७१ दिवस बहिष्कार घातला. त्या लढ्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा आज नको. परंतु एकाहत्तर दिवस ताठ उभे राहता आले, ते सेवेची हमी होती म्हणून. तासिकेवरील शिक्षक एक दिवसही रुसू शकत नाही. रुसला तर जुलैत त्याला बोलावणे येत नाही. मग त्याच्यासाठी रुसण्याची जबाबदारी कोणाची? स्टाफरूममध्ये त्याच्यासाठी वेगळी खुर्चीसुद्धा नसते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि पैसा? “शासनाकडे पैसा नाही” हे उत्तर मला मान्य नाही. पूर्णवेळ जागा निघाली की तिच्यासाठी संस्थेच्या दारात किती लाख मोजावे लागतात, याची कुजबुज प्रत्येक तालुक्याच्या गावात चालते. उघड गुपित आहे ते. पगार सरकारचा, जागेची किंमत संस्थाचालकाची, आणि दोन्ही न परवडणारा हुशार मुलगा तासिकेवर. जेथे जागेला लाखांचा भाव येतो तेथे पैशांचा दुष्काळ आहे, हे कसे मानावे?

येथवर लिहून मी लेख संपवणार होतो, पण एक कबुली राहिली. धर्मग्रामाला जोडलेल्या एका शाळेचा कारभार माझ्याकडे होता, तेव्हा गणिताच्या एका शिक्षिकेला तासावर नेमण्याच्या कागदावर मी सही केली होती. अकरा महिन्यांचे पत्र, मे वगळून. “सगळीकडे असेच करतात, फादर,” असे लिपिकाने सांगितले आणि मला ते पुरेसे वाटले. त्या बाई पाच वर्षे शिकवत होत्या. पाच मे महिने. त्यांनी कधी तक्रार केली नाही, एकदा फक्त शाळेच्या वाचनालयाची झाडपूस उन्हाळ्यात करायला मिळेल का, असे विचारले होते. मी हसून म्हणालो होतो, “अहो बाई, तुम्ही शिक्षिका आहात.”

गेल्या महिन्यात मी सध्याच्या व्यवस्थापकांना पत्र लिहिले. त्या पाच महिन्यांचे पैसे आजच्या दराने त्यांना द्यावेत आणि तासावर नेमलेल्या सर्वांना बारा महिन्यांचे पत्र द्यावे, असे सुचवले. खजिनदारांचे उत्तर आले: जुने हिशेब बंद झाले आहेत, तरतूद कोणत्या शीर्षाखाली करावी ते कळवावे. ते मी उलट टपाली कळवले आहे. समितीची बैठक पुढच्या गुरुवारी आहे.